न्हाण, गर्भाधान आणि त्यानंतरची वर्षे

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मुलीच्या लग्नाचे वय, संमतिवय आणि विधवाविवाह या प्रश्नांवर वृत्तपत्रे, व्याख्याने, शास्त्रार्थ आणि सरकारी टिपणे यांतून जेवढे लिहिले गेले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही सामाजिक प्रश्नावर क्वचितच लिहिले गेले असेल. तरीही या साऱ्या लिखाणात एक मोठी पोकळी आहे. मुलगी किती वर्षांची असताना तिचे लग्न व्हावे आणि किती वर्षांची असताना पतीने तिच्याशी संबंध ठेवावा, यावर दोन्ही पक्ष हिरिरीने लढले. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचे पुढे विसाव्या, तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी काय झाले, याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी धर्मशास्त्रानेही घेतली नाही आणि सरकारनेही घेतली नाही. १८८१ पासूनच्या जनगणनेत वयानुसार विवाहित आणि विधवा स्त्रियांचे आकडे मिळतात, परंतु पहिले मूल कोणत्या वयात झाले हे तिच्या मुख्य तक्त्यांतून कळत नाही. ती माहिती शोधायची तर स्त्रियांची आत्मचरित्रे, न्यायालयीन कागद, दवाखान्यांचे अनुभव आणि काही कुटुंबांच्या ज्ञात इतिहासातील जन्ममृत्यूंच्या तारखा एकत्र ठेवून वाचाव्या लागतात, आणि अशा वाचनातून दिसणारे चित्र हे संमतिवयाच्या वादात रंगवल्या गेलेल्या चित्रापेक्षा बरेच वेगळे आहे.

प्रथेचा क्रम असा होता. उच्चवर्णीय कुटुंबांत मुलीचे लग्न ऋतुप्राप्तीपूर्वी, म्हणजे मासिक पाळी सुरू होण्याआधी, आठव्या ते अकराव्या वर्षाच्या आसपास उरकले जाई, आणि त्यानंतर काही काळ ती माहेरी आणि सासरी जाऊन-येऊन असे. पहिली पाळी आली, म्हणजे रूढ भाषेत मुलीला न्हाण आले, की तिला मखरात बसवून सुवासिनींकडून तिचे कौतुक केले जाई, वाजंत्री लावून ही वार्ता आप्तेष्टांना कळवली जाई आणि त्यानंतर गर्भाधान संस्कार होई. पतिपत्नींच्या पहिल्या समागमाला धार्मिक मान्यता देणारा हा संस्कार सोळा संस्कारांतील पहिला मानला जातो. धर्मशास्त्रकारांनी पाळीच्या आरंभापासून सोळा रात्रींचा ऋतुकाल सांगितला असल्याने, पहिल्याच ऋतुकालात गर्भाधान झाले नाही तर दोष लागतो असा कर्मठांचा आग्रह असे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या शरीरात घडलेला एक खाजगी बदल अशा रीतीने सबंध आळीला कळत असे आणि त्या दिवसापासून मूल कधी होणार या प्रश्नाचे ओझे तिच्यावर पडत असे. हा समारंभ हौसेने होई आणि त्यात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे मुलीवर प्रेम नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण त्या स्वतः त्याच वाटेने आलेल्या होत्या आणि त्यांना दुसरी वाट माहीत नव्हती.

पाळी येणे म्हणजे शरीर बाळंतपणाला तयार होणे नव्हे, ही गोष्ट तेव्हाच्या डॉक्टरांनाही ठाऊक होती. मुलीची उंची वाढणे थांबल्यावरही कटिराची, म्हणजे कंबरेच्या ज्या हाडांच्या कड्यातून बाळाला बाहेर यावे लागते त्या कड्याची, वाढ काही वर्षे चालू असते. ती पूर्ण होण्याआधी दिवस गेले तर बाळाचे डोके अडते आणि प्रसूतिवेदना एकेक, दोनदोन दिवस लांबतात. सुईण अनुभवी असे; अनेक गावांत ती मांग किंवा न्हावी समाजातील असे आणि तिचा हात नेहमीच्या सोप्या बाळंतपणात कौशल्याने चाले; पण अडलेल्या बाळंतपणात तिच्याजवळही उपाय नसे. बाळंतखोली बहुधा घरातील अंधारी, वारा न येणारी खोली असे, तिथे शेगडी पेटती ठेवली जाई, जुनेर वापरले जाई आणि नाळ हाताशी असलेल्या धारेने कापली जाई, त्यामुळे आईला सूतिकाज्वर म्हणजे बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्गाचा ताप, आणि बाळाला धनुर्वात होण्याचा धोका मोठा होता.

जी मुलगी यातून वाचे, तिची गोष्ट तिथे संपत नसे, आणि या विषयाचा खरा गाभा याच ठिकाणी आहे. बाळाचे डोके फार वेळ अडून राहिले की मूत्राशय आणि योनी यांच्यामधला पडदा दाबला जाऊन मरतो आणि तिथे कायमचे छिद्र पडते. या प्रसूतिजन्य भगंदरामुळे लघवी सतत झिरपत राहते. शस्त्रक्रियेची सोय नव्हती तेव्हा अशी मुलगी उरलेले आयुष्य ओल्या कपड्यात, देवघरापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर, आणि बहुधा पतीपासूनही दूर काढत असे. दुसरा त्रास अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा. कमी वयात सुरू झालेली आणि पाठोपाठ झालेली बाळंतपणे, त्यानंतर लगेच उचललेले पाण्याचे हंडे आणि दळण यांमुळे तो बळावे, आणि स्त्रिया तो वर्षानुवर्षे कोणाला न सांगता सोसत. रक्तक्षय तर जवळजवळ गृहीतच धरला जाई, कारण स्वतःच्या वाढीला लागणारे अन्न पोटातल्या जिवाला द्यावे लागे आणि सुनेचे ताट घरात सर्वांत शेवटी वाढले जाई.

या अनुभवाचा सर्वांत ठळक परिणाम एका परिचित चरित्रात दिसतो. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या कल्याणच्या यमुनेचे लग्न वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते बिजवर, म्हणजे पहिली पत्नी वारल्यावर पुन्हा लग्नाला उभे राहिलेले, आणि तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. आनंदीबाई झालेल्या या मुलीला चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथील सभेत अमेरिकेला जाण्याचा हेतू सांगताना त्यांनी हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे हे मांडले, आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना प्रबंधाचा विषय म्हणून प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र निवडले. आनंदीबाईंच्या जिद्दीचे वर्णन करणाऱ्या बहुतेक लेखकांनी गोपाळरावांच्या विक्षिप्त आग्रहाला अधिक जागा दिली आहे. बाळंतखोलीतल्या त्या दहा दिवसांचे आणि पुढच्या प्रबंधाचे नाते मात्र जेवढे स्पष्ट करायला हवे तेवढे केले गेलेले नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर नेमणूक होऊनही क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांच्या वयाला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

दुसरे उदाहरण मुंबईतले आहे आणि ते दोन पिढ्यांचे आहे. सुतार समाजातील जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. त्यांच्या समाजात पुनर्विवाहाला मज्जाव नसल्याने काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन या नामवंत वैद्यांशी लग्न केले आणि त्याआधी पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नावे करून दिली. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला होता, हे लक्षात घेतले म्हणजे वयाने लहान असलेल्या त्या आईने दाखवलेली सावधगिरी किती मोलाची होती हे कळते. ही मुलगी म्हणजे रखमाबाई. त्यांचेही लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावले गेले. पण त्यांना न्हाण आल्यावर डॉ. सखाराम अर्जुन यांनी वैद्यकीय जाणिवेतून गर्भाधानाला नकार दिला आणि मुलगी माहेरीच राहिली. दादाजींनी १८८४ मध्ये पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नांदायला जाण्याचा किंवा सहा महिने कैद भोगण्याचा आदेश दिला, आणि अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन आणि १८९४ मध्ये ब्रुसेल्सची पदवी मिळवून त्या परतल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी अनेक वर्षे काम केले.

हा खटला नांदायला जाण्याच्या सक्तीचा म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे, पण आई आणि मुलगी यांची आयुष्ये शेजारी ठेवली तर त्यात आणखी एक अर्थ दिसतो. पंधराव्या वर्षी आई झालेल्या जयंतीबाईंचे सारे तारुण्य मुलगी, वैधव्य, मिळकत आणि दुसरे घर यांची व्यवस्था लावण्यात गेले. पंधराव्या वर्षी आई न झालेल्या रखमाबाईंना वाचायला वेळ मिळाला. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिंदू स्त्री या नावाने त्यांनी बालविवाहावर जे पत्र लिहिले, त्यातील मुख्य तक्रार शिक्षण तुटल्याची आहे. मुलीचे लग्न झाले की शाळा सुटते आणि मूल झाले की शाळेचा विचारही सुटतो. आणि शिक्षण तुटणे हा कोवळ्या वयातील मातृत्वाचा असा परिणाम आहे की तो कोणत्याही दवाखान्याच्या नोंदीत येत नाही, परंतु त्या स्त्रीचे घरातले स्थान, तिची पैशावरील सत्ता आणि तिच्या मुलींचे भवितव्य या सर्वांवर तो आयुष्यभर उमटत राहतो.

दरम्यान बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवरची आपली टिपणे प्रसिद्ध करून या प्रश्नाला हिंदुस्थानभर तोंड फोडले होते. भारतीय दंडसंहितेने १८६० मध्ये संमतिवय, म्हणजे ज्या वयाखालील मुलीशी समागम हा तिची संमती असली तरी गुन्हा ठरतो ते वय, विवाहितेच्या बाबतीतही दहा वर्षे ठरवले होते. १८९० मध्ये कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी दासी पतीच्या समागमामुळे रक्तस्राव होऊन मरण पावली, आणि तिचे वय दहाच्या वर असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप टिकला नाही. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. याच सुमारास डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने पंचावन्न स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज पाठवून त्यांनी स्वतः पाहिलेल्या बालपत्नींच्या जखमांचा आणि मृत्यूंचा तपशील दिला, आणि मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी ऑक्टोबर १८९० मध्ये हिंदू श्रोत्यांपुढे बालविवाहावर भाषण केले. या दोन दस्तऐवजांचे महत्त्व असे की मुलीचे शरीर हाताळलेल्या स्त्रियांची साक्ष प्रथमच सार्वजनिक वादात आली.

त्यानंतर संमतिवय दहावरून बारा वर्षे करण्याच्या विधेयकावर जो वाद झाला तो मात्र पुन्हा ग्रंथांवर गेला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्राचे आधार देऊन पहिल्याच ऋतुकालात गर्भाधान करणे बंधनकारक नाही असे दाखवले. लोकमान्य टिळकांनी त्यांच्या अर्थनिर्णयाला आव्हान दिले आणि परक्या सरकारने हिंदूंच्या धर्माचारात हात घालू नये असा पवित्रा घेतला. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की टिळकांनी समाजाने स्वतःहून पाळावयाच्या नियमांचा जो मसुदा मांडला, त्यात मुलीचे लग्न सोळाव्या वर्षापूर्वी होऊ नये असे कलम होते, म्हणजे सरकारच्या बारा वर्षांपेक्षा ते पुष्कळच पुढे होते; पण त्या नियमांना बांधून घेणारे फार थोडे निघाले. आगरकरांनी ‘सुधारका’तून कायद्याचा पुरस्कार केला. १९ मार्च १८९१ रोजी संमतिवय बारा वर्षे करणारा कायदा झाला. मात्र पतीविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची चौकशी सर्वसाधारण पोलिसांच्या हाती न देता वरिष्ठ दंडाधिकाऱ्यांपुरती मर्यादित ठेवल्याने प्रत्यक्षात खटले फारसे उभे राहिले नाहीत. सुधारकांच्या मांडणीतही एक उणीव होती, आणि ती आज अधिक खुपते. अल्पवयीन आईच्या पोटी दुर्बल संतती निपजते आणि त्यामुळे राष्ट्र दुबळे होते, या मुद्द्यावर त्यांचा भर फार होता. हा मुद्दा लोकांना पटवायला सोपा असला, तरी त्यात मुलीच्या दुःखाला स्वतःचे मोल नव्हते. तिच्या शरीराचा विचार होई तो पुढच्या पिढीचे साधन म्हणून.

तरुण मातांच्या मृत्यूंनी समाजाच्या रचनेवर केलेला परिणाम बिजवर या संस्थेत स्पष्ट दिसतो. पहिली पत्नी बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दुखण्यात गेली की पुरुषाचे दुसरे लग्न काही महिन्यांत होई, आणि ऋतुप्राप्तीनंतर अविवाहित मुलगी घरात ठेवायची नसे व विधवेशी लग्न करायचे नसे, म्हणून तिशी-पस्तिशीच्या बिजवराला दहा-अकरा वर्षांचीच वधू मिळे. स्वतः न्यायमूर्ती रानडे यांचेही दुसरे लग्न १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. नवरा-बायकोच्या वयातले हे अंतर पुढे पुन्हा मुलीलाच भोवे, कारण पन्नाशीत पती गेला की ती पंचविशी-तिशीत विधवा होई, आणि पदरात दोन-तीन मुले असत. म्हणजे एका मुलीचा बाळंतपणातला मृत्यू हा दुसऱ्या मुलीच्या अकाली वैधव्याचे कारण बनत होता, आणि ही साखळी बालविवाह व वैधव्य यांचा वेगवेगळा विचार करणाऱ्यांच्या नजरेतून निसटली.

जोतीराव फुल्यांच्या नजरेतून ती निसटली नव्हती. केशवपन झालेल्या तरुण विधवेला घरातल्याच किंवा शेजारच्या पुरुषाकडून दिवस गेले तर तिच्यापुढे भ्रूणहत्या, अर्भकहत्या, आत्महत्या किंवा तीर्थक्षेत्री परागंदा होणे एवढेच मार्ग उरत, आणि अर्भकहत्येचा खटला झाला तर काळ्या पाण्याची शिक्षा तिलाच होई, पुरुषाला नव्हे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, जिथे अशा स्त्रीने गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यावे किंवा तिथेच ठेवावे. आणि १८७४ मध्ये तिथे बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पुढच्या वर्षी पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी सोडून दिलेल्या मुलांसाठी अनाथाश्रम सुरू केला. या दोन्ही संस्थांत बाळ वाचवण्याचा हेतू समान होता, परंतु फुल्यांच्या गृहाचे वेगळेपण असे की तिथे आईला चारित्र्याचा जाब विचारल्याशिवाय आश्रय मिळत होता, आणि ही गोष्ट आजही प्रत्येक संस्थेला जमलेली नाही.

संमतिवयाचा वाद मुख्यतः ब्राह्मण आणि शहरी पांढरपेशा वर्गात झाला म्हणून बाकीच्या समाजांत हा प्रश्न नव्हता असे समजणे चूक ठरेल. मराठा, कुणबी, माळी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतही मुलींची लग्ने लहानपणीच होत. फरक एवढा की तिथे पाटाची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची, वाट मोकळी होती आणि बाळंतीण फार दिवस खोलीत न राहता लवकरच शेतावर किंवा मजुरीवर जाई. विश्रांती न मिळणे, अपुरे अन्न आणि मुलांचे मृत्यू हे तिच्या वाट्याचे दीर्घ परिणाम होते. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्याशी १९०६ मध्ये लग्न झाले तेव्हा रमाबाई नऊ वर्षांच्या सुमारास होत्या आणि डिसेंबर १९१२ मध्ये यशवंत जन्मला तेव्हा चौदा वर्षांच्या. त्यानंतर झालेली त्यांची चारही मुले लहानपणीच दगावली. पती परदेशी शिकत असताना त्यांनी अतिशय हलाखीत संसार रेटला आणि दीर्घ दुखण्यानंतर २७ मे १९३५ रोजी अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या त्यागाचे गुणगान महाराष्ट्रात घरोघर होते आणि ते योग्यही आहे. पण त्या त्यागाला शरीराची एक बाजू होती, आणि ती ज्या काळाने लादली त्या काळाचा विचार गुणगानात हरवतो. स्वतः बाबासाहेबांनी तो विचार केला होता असे मानण्यास आधार आहे. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात वेतनासह रजा देण्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला, १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला, आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांना मुलांच्या लग्नाची घाई करू नका आणि फार मुले होऊ देऊ नका असे निक्षून सांगितले.

विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या स्त्रिया या चक्रातून बाहेर पडल्या, त्यांच्यासाठी पुन्हा शिकण्याची जागा असणे निर्णायक ठरले. धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्ये सुरू झाला आणि पुढे हिंगण्याला गेला. अकराव्या वर्षी लग्न होऊन विशीत विधवा झालेल्या आणि एक मुलगा पदरात असलेल्या पार्वतीबाई आठवले तिथे शिकल्या, संस्थेच्या आधारस्तंभ झाल्या आणि निधी जमवायला अमेरिकेपर्यंत गेल्या. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या १९२८ च्या आत्मचरित्रात प्रौढ वयात अक्षरांशी झगडण्याचा जो वृत्तांत आहे, तो मूल झाल्यावर सुटलेले शिक्षण परत धरणे किती कठीण असते याचा मराठीतील अस्सल पुरावा आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिका आणि सुईण म्हणून तयार केले, आणि त्यामुळे तरुण विधवेला पोटाचा धंदा मिळाला, तर बाळंतिणीला शिकलेला हात मिळाला. कर्व्यांच्या स्वतःच्या घरातही हा विषय होताच. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई लग्नाच्या वेळी आठ-नऊ वर्षांच्या होत्या आणि संमतिवयाचा कायदा झाला त्याच १८९१ साली ऐन तारुण्यात वारल्या. तेव्हा नऊ वर्षांचा असलेला त्यांचा मुलगा रघुनाथ याने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. मूल केव्हा व्हावे हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, ही गोष्ट रघुनाथरावांनी त्यासाठी नोकरी आणि प्रतिष्ठा गमावूनही सांगितली. आणि संमतिवयाच्या वादात दोन्ही पक्षांना न सुचलेला प्रश्न नेमका हाच होता.

सरकारी कागदात लवकर आलेल्या मातृत्वाला स्वतंत्र स्थान मिळायला १९२९ साल उजाडावे लागले. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील संमतिवय समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि अल्पवयातील मातृत्व हे मातांच्या व अर्भकांच्या मृत्यूचे मोठे कारण असून वाचलेल्या मुलीचे शरीरही त्यामुळे उद्ध्वस्त होते, असा निष्कर्ष काढला. सतीची चाल मोजक्याच स्त्रियांचा बळी घेत होती, तर हा प्रकार असंख्य घरांत चालू आहे, अशी तुलनाही त्या अहवालात आढळते. मुलीच्या पुढच्या आयुष्याची दखल येथे आली खरी, पण वंशाच्या ऱ्हासाची जुनी चिंता तिच्या बरोबरीने आलीच. हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा त्याच वर्षी झाला आणि मुलीचे लग्नाचे किमान वय चौदा ठरले. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार असल्याने त्याआधीच्या महिन्यांत देशभर लहान मुलामुलींची लग्ने घाईने उरकली गेली आणि १९३१ च्या जनगणनेत बालविवाहितांची संख्या फुगलेली दिसली. त्याआधी पाव शतक, १९०४ मध्ये, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी असाच कायदा केला होता, आणि तिथेही लोक दंड भरून लग्न लावणे पत्करत. किमान वय १९४९ मध्ये पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले; २००६ च्या कायद्याने बालविवाह रोखण्यासाठी अधिकारी नेमण्याची तरतूद केली.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले आढळले, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गर्भवती होत्या. हे दुसरे प्रमाण देशाच्या ६.८ टक्के सरासरीहून जास्त आहे. शास्त्राचा आग्रह मागे पडला आहे आणि कारणे आता बरीचशी रोजगाराची आहेत. बीडसारख्या जिल्ह्यांतून सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवण्याची भीती आणि लग्न झाल्यास मिळणारी नवी उचल, या दोन्हींच्या दाबाखाली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न होते. ती फडात राहते, तिथेच तिला दिवस जातात, आणि विशीत दोन-तीन मुलांची आई झालेल्या अशा अनेक स्त्रियांनी पाळीच्या तक्रारींवरचा उपाय म्हणून गर्भाशय काढून टाकले असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले, तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अकाली लग्न, अकाली बाळंतपण, विश्रांतीशिवाय मजुरी आणि तिशीच्या आत गर्भाशय गमावणे ही एकाच आयुष्याची पायरीपायरीने झालेली हानी आहे, परंतु चौकशी होते ती शेवटच्या पायरीची.

कायद्याची चौकट या काळात कडक झाली. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीशी समागम हा गुन्हा ठरवला आणि त्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ ते १८ वयाच्या पत्नीला वगळणारा दंडसंहितेतील अपवादही या वयापुरता रद्द केला. तत्त्व म्हणून हे योग्यच झाले आणि फुलमणीला जे संरक्षण मिळाले नाही ते आजच्या मुलीला कागदावर तरी मिळाले. परंतु सतरा वर्षांची गर्भवती मुलगी सरकारी दवाखान्यात गेली की पतीवर गुन्हा नोंदवला जाणार हे ठाऊक असल्याने सासर आणि माहेर दोघेही तिचे वय वाढवून सांगतात किंवा तिला दवाखान्यातच नेत नाहीत, आणि रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, कमी वजनाचे बाळ या ज्या धोक्यांसाठी तिला इतरांपेक्षा आधी तपासणीची गरज असते ती तपासणीच टळते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव पोलिसांना कळवण्याच्या बंधनातून डॉक्टरांना मोकळे केले. जिला मूल हवे आहे किंवा जिची वेळ टळून गेली आहे, त्या मुलीला मात्र नाव न लपवता आणि घर उद्ध्वस्त होण्याच्या भीतीशिवाय बाळंतपणासाठी दवाखान्यात येता यावे, आणि मूल सांभाळायला पाळणाघर मिळून पुन्हा शाळेत बसता यावे, यासाठीची व्यवस्था अजून उभी राहायची आहे.